पाठकोरं

परवा रद्दीवाला यायचा होता. हिने जिन्याखालचे गठ्ठे बाहेर ओढले आणि मी नेहमीप्रमाणे आडवा आलो. "पाठकोरं आहे ते, राहू दे." लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, नातवाच्या शाळेची परिपत्रकं. पुढच्या बाजूला काहीही असो, मागची बाजू कोरी असली की माझ्याच्याने टाकवत नाही. आमच्या वयाच्या माणसांना याचं काही नवल वाटायचं नाही.

मी जादूच्या राज्यांच्या गोष्टी लिहितो. नवीकोरी वही समोर घेतली तर एक ओळ सुचत नाही, पेपराला बसल्यासारखं होतं. पाठकोरा कागद आधीच वाया गेलेला. त्यावर राक्षस फसला तरी कुणाचं काय जातं? ऑक्सफर्डला शिकवणाऱ्या टॉल्किनला विद्यार्थ्यांचे पेपर तपासताना कुणीतरी कोरं सोडलेलं पान सापडलं आणि त्यावर त्याने 'हॉबिट' या आपल्या जादूच्या कादंबरीचं पहिलं वाक्य लिहून टाकलं. हे वाचलं तेव्हा ऑक्सफर्ड मला एकदम आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेइतकं जवळ वाटलं.

ही खोड अण्णांची. अण्णा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. मालाच्या हिशोबाच्या चुकलेल्या पट्ट्या ते घरी आणायचे, दोऱ्याने शिवून माझ्या हातात द्यायचे. कागदाला हळदीची पूड चिकटलेली असायची, त्यामुळे माझे सुरुवातीचे सगळे राक्षस पिवळे आहेत. राक्षस कसा ओरडतो ते मात्र आजीने शिकवलं. डोळे वटारून, पदर खोचून ती अशी काही "अललल डुर्रर्र" करायची की शेजारच्या काकू खिडकीत यायच्या. जुन्या पौराणिक नाटकांतली ती आरोळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्याच गावात, तेव्हा सांगलीच्या पोराला राक्षस बाहेरून मागवायची गरज नाही.

नावांच्या बाबतीत मी हट्टी आहे. माझ्या प्रत्येक राज्याच्या नावात ळ असतोच. कुळंबर, अवळगड, भोळवाडा. परदेशातल्या राजांना बिचाऱ्यांना ळ मिळत नाही, मग ते उगाच र घोळवत बसतात. जेवणाचंही तेच. त्यांच्याकडे चार दिवसांच्या घोडदौडीत माणसं सुका पाव खातात. माझं सैन्य भडंग खातं. पडशीत मावतं, नासत नाही, वर कांदा चिरला की झालं.

नकाशा काढताना मात्र मी दरवेळी फसतो. ठरवून उत्तरेकडे बर्फाचे डोंगर टाकतो, समुद्र टाकतो, पण नदी काढायला घेतली की पेन्सिल आपोआप वळते आणि कृष्णा उमटते. घाट होतो, पूल येतो. एकदा तर कुळंबरच्या पुलावर मी फुटांचे आकडे घातले होते आणि राजा मध्यरात्री दिवट्या घेऊन पाणी बघायला गेला होता. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. ही म्हणाली, "अहो, हा आपल्या सांगलीचा आयर्विन पूल आहे." मी आकडे खोडले. पूल तसाच ठेवला.

आणि भुयारं. माझ्या गोष्टीत भुयार आलं की मी सांगलीजवळच्या हरिपूरला असतो. अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून पेवं बघायला न्यायचे. वरून नुसती शेताची जमीन, पण खाली चांगलं तीन-चार पुरुष खोल पोट आणि त्यात पोत्यांवारी हळद. तोंडावरचा दगड बाजूला झाला की आतून ऊन, कोंदट वाफ यायची, डोळ्यांना झोंबणारी. लगेच कुणी उतरायचं नाही. बराच वेळ पेव उघडं ठेवायचे, मग हमाल खालची हवा पारखायला दोरीला बांधून कंदील आत सोडायचा. सगळे गप्प. उजेड खाली खाली जात बारीक व्हायचा. एकदा माझ्यासमोर तो विझला. हमालाने शांतपणे दोरी वर ओढली, चंची काढली आणि तंबाखू मळत म्हणाला, "अजून न्हाई." आणि आम्ही सगळे बसून राहिलो.

"खाली काय आहे?" मी अण्णांना विचारलं.

"हळद."

राक्षस म्हणाले असते तर मी इतका घाबरलो नसतो.

२००५च्या पुरात पेवांमध्ये पाणी शिरलं, पुष्कळशी गेली. आता माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजला जातो. तिथे कंदील सोडावा लागत नाही.

तर परवा रद्दी गेली. मी दुपारचा जरा लवंडलो होतो, तेवढ्यात हिने काम उरकलं. सतरा किलो भरली म्हणे. रात्री लिहायला बसलो तर चौथं प्रकरण सापडेना. बहुतेक कुठल्यातरी मुंजीच्या पत्रिकांवर होतं. भोळवाड्याची पोरगी पेवाच्या तोंडाशी बसून कंदील खाली सोडत होती, तिथवर आलं होतं.