मॉरिशसमध्ये आपला बुलबुल परका

मॉरिशसला उतरल्यावर पहिला पक्षी दिसला तो शिपाई बुलबुल, दुसरी साळुंकी. भाचीने हौसेने गळ्यात अडकवलेली दुर्बीण काढून परत पिशवीत कोंबली. "मामा, हे बघायला मुंबईहून सहा-साडेसहा तास विमानात बसलो? चिपळूणला अंगणात बसलो असतो तरी दिसलं असतं."

दिसलं असतंच. पण आपल्याकडे ते घरचे, इथे घुसखोर. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये या बेटावर आला आणि आता परक्या झाडांच्या बिया रानभर पेरत हिंडतो. उंदीर मारायला म्हणून आणलेलं मुंगूस जमिनीवर उतरणारे पक्षी मटकावतं. जहाजातून आलेली चिचुंद्री सरड्यांच्या पिल्लांवर ताव मारते. आणि आपला राघू इथल्या देशी पोपटाच्या ढोल्या बळकावतो. जिथे जावं तिथे आपलंच कुणीतरी आरोपीच्या पिंजऱ्यात! भाची प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली आहे आणि तिला वन्यजीव संवर्धनाचं प्रत्यक्ष काम शिकायचं आहे. तिच्यासाठी चौकशी करायला म्हणून गेलो आणि मीच जास्त गुंतलो.

डोडो इथलाच. डच लोक १५९८ मध्ये उतरले, आणि डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ची मानतात. मगावर, टी-शर्टवर, विमानतळावरच्या प्रत्येक दुकानात तो आहे. त्याच्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करत नाही, कारण बघण्यासारखे आहेत ते वाचलेले पक्षी. १९७४ मध्ये रानात मॉरिशस खरूची (केस्ट्रेल, ससाण्याच्या कुळातला लहान शिकारी पक्षी) फक्त चार पाखरं माहीत होती. जंगलतोड होतीच, त्यात मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीने घात केला. शिवाय लोक त्याला 'मांझर द पूल', म्हणजे कोंबडीखाऊ म्हणत आणि दिसला की गोळी घालत. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण इथे आला. पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा घालते, हे हेरून त्याने काढलेली अंडी उबवून पिल्लं वाढवली. गुलाबी कबुतराची अंडी तर पाळीव होल्यांखाली ठेवून उबवली. ती कबुतरं १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरली होती, आज पाचशेच्या घरात आहेत.

आता पहिला सल्ला, आमच्या चुकीतून आलेला. आम्ही गेलो मे महिन्यात, कारण माझी शाळेची सुट्टी. हवा छान, पाऊस बेताचा, पण खरूची घरटी रिकामी. घरट्यांचं काम बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, तेव्हा नको.

दुसरी चूक इल ओ एग्रेतची. माएबूर गावाजवळ किनाऱ्यापासून जेमतेम आठशे मीटरवर, सव्वीस हेक्टरांचं हे प्रवाळाचं बेट आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही. मी आदल्या संध्याकाळी फोन केला, तर बोट भरलेली. एक अख्खा दिवस माएबूरच्या बाजारात घालवला. (वाया गेला असं म्हणणार नाही. सोमवार होता, बाजार मोठा, आणि गातो पिमा नावाची तिखट भजी आपल्या डाळवड्याची सख्खी बहीण आहे.) तुम्ही मात्र दोन-तीन दिवस आधी जागा धरा आणि सकाळची फेरी घ्या. दुपारी प्रवाळाचा खडक तापतो आणि पाखरं गप्प होतात.

बेटावर पाय ठेवल्यावर पाचच मिनिटांत वाट अडली. मधोमध महाकासव बसलं होतं. वाटाड्या म्हणाला, त्याला उठवायचं नाही, वळसा घालायचा. हे कासवही परकंच, सेशेल्समधल्या आल्डाब्राचं. मॉरिशसची स्वतःची महाकासवं माणसांनी खाऊन संपवली. ती आबनुसाची फळं खात आणि बिया लांबवर टाकत. ते काम करायला कुणी उरलं नाही म्हणून २००० साली ही पाहुणी आणली. वाटाड्याने काडीने वाळलेली लीद उकरून दाखवली, आत चकचकीत बिया. पलीकडे झाडाखाली बोटभर उंचीची आबनुसाची रोपं होती. भाची तिथे जी उकिडवी बसली ती उठेना.

उंदीर आणि मांजरं या बेटावरून हटवली आहेत. चिचुंद्री मात्र पुरून उरली, तिला संपवायची मोहीम फसली. हे सांगताना वाटाड्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ती खिशातून आणली होती. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये फुटून तेल पसरलं. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध केले. रोपवाटिकेतली रोपं या बेटावरून आणि काही सरडे जवळच्या छोट्या बेटांवरून हलवावे लागले. आता काठावर डाग शोधूनही दिसले नाहीत.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ साली जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान. पेत्रँ इथल्या प्रवेशद्वाराने आत जा. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे हात बसतो. गंगा तलाव तिथून जवळ आहे, पण तिथली माकडं पिशवीवर डोळा ठेवून असतात. तीही बाहेरून आलेली, आणि कबुतरांची अंडी पळवण्यात पटाईत. गंमत अशी, की शेवटची गुलाबी कबुतरं तग धरून होती ती क्रिप्टोमेरिया या जपानी झाडांच्या राईत.

पेत्रँला पाऊस कधी येईल सांगता येत नाही, रेनकोट हवाच. पोपट ओळखायची खूण: देशी एको पोपटाची शेपटी आखूड, पंख गोलसर, आवाज घोगरा, मादीची चोच काळी. लांब शेपटी आणि किंचाळी ऐकू आली तर तो आपला राघू. खरू आम्हाला दरीवर दिसला, तीन सेकंद, पोटावरचे काळे ठिपके जेमतेम टिपले.

गुलाबी कबुतर मात्र हाताच्या अंतरावर भेटलं. दाणे घालायच्या पेटीपाशी एक मुलगी ब्रशने तबक घासत होती, आपल्याकडे पितळी भांडी घासतात तशी, कोपरे खरवडून. या कबुतरांना घशाचा एक रोग होतो आणि घाणेरड्या तबकातून तो पसरतो. कबुतर फांदीवरून हे सगळं सुस्तपणे बघत होतं, पायात रंगीत कड्या. मुलीने कड्यांचे रंग वहीत टिपले, मका-गहू तोलून ओतले, पुन्हा वजन लिहिलं. रोज, पावसातही. भाचीला विचारलं, "हे करशील?" ती म्हणाली, "मामा, घरी भांडी घासत नाही म्हणून आई बोलते, तिला सांगू नकोस."

तर शिकायचं असेल त्यांच्यासाठी. एक वाट फाउंडेशनची: स्वयंसेवक किंवा क्षेत्र सहायक म्हणून. पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे जमत नाही, काही महिने मोकळे हवेत आणि विमानाचं तिकीट स्वतःचं धरून चला. अर्जात पक्ष्यांची यादी मिरवण्यापेक्षा नोंदी ठेवल्याचा, पिंजरे लावल्याचा, डोंगरात राहिल्याचा अनुभव लिहा. दुसरी वाट ड्युरेल या वन्यजीव संवर्धन संस्थेची. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर तिचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथला पहिला विद्यार्थी १९७७ मध्ये मॉरिशसहूनच गेला होता, युसूफ मुंगरू. पुढे तोच या देशाच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा प्रमुख झाला. धोक्यातल्या प्रजाती सावरण्यावरचा पदव्युत्तर डिप्लोमा ड्युरेलने मॉरिशसमध्येच चालवला आहे. त्या वर्षी तो आहे का, हे आधी बघा, आणि फी बघून घाबरण्याआधी शिष्यवृत्तीचं विचारा. पर्यटक म्हणून जाताना भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ ठेवा. काम करायला जाणाऱ्यांनी मात्र त्यावर विसंबू नये, परवान्याचं संस्थेकडूनच लेखी घ्या. काम इंग्रजीत चालतं, गप्पा क्रिओल या इथल्या बोलीत. चार शब्द शिकून गेलात तर जेवणाला बोलावणं येतं.

आम्ही राहिलो ते घर मराठी माणसांचं. पणजोबांच्या आधीचं कुणी रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आलेलं. मावशींना मराठी फारसं येत नव्हतं, पण आरत्या तोंडपाठ, आणि झाकरी म्हणजे आपली जाखडी त्यांनी हात नाचवत म्हणून दाखवली. त्यांचा राग वटवाघळांवर. लिची पिकली की 'सोसुरी' येतात आणि झाड रिकामं. सरकारने २०१५पासून हजारोंनी वटवाघळं मारली, २०१८ मध्ये ती प्रजात धोक्यातल्यांच्या यादीत वर चढली. भाची म्हणाली, झाडाला जाळी लावा ना मावशी. मावशींच्या मुलीने भाषांतर करून सांगितलं. मावशी म्हणाल्या, जाळी लावायला झाडावर तू चढ.

निघायच्या दिवशी त्यांनी वाटीभर लाल चिनी पेरू पुढे केले, मीठ-मिरची लावलेले. हाच पेरू इथल्या रानाचा सर्वांत मोठा शत्रू, उद्यानात माणसं लावून तो उपटतात. आम्ही दोघांनी वाटी चाटून पुसून संपवली. बिया भाचीने कागदात बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मावशी बघत राहिल्या.