मान न वळवणाऱ्या मावशी

आमच्या प्रयोगात आभासी दृश्य दाखवणारा आणि नजर टिपणारा हेडसेट घातला की माणूस थेट खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात, स्वर्गमंडपात जातो. भोवती ४८ खांब, समोर गोल शिळा आणि तिच्या बरोबर वर उघडं आकाश. चित्रण मे महिन्यातल्या भर दुपारचं. माणसं तिथं कुठं बघतात ते आम्ही नोंदवतो. बहुतेकांची नजर क्षितिजाच्या पट्ट्यातच फिरते, वर फार थोडी जाते. म्हणून ‘वरचं आकाश दिसलं का?’ असा एक रकानाच ठेवलाय.

परवा साठीच्या एक मावशी आल्या. शाहूपुरीत दारोदार भाजी विकलेल्या. अंबाड्यावर पट्टा बसेना म्हणून तो खाली घेतला, काजळ पुसायला लावलं (त्याच्या काळेपणानं यंत्र डोळ्याची बाहुली ओळखायला चुकतं), कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र त्यांच्या नजरेशी जुळवून घेणं, दोनदा केलं. आणि पडद्यावर मानेची रेघ जवळजवळ सपाट!

एरवी नजर पंधरा-वीस अंश बाजूला गेली की पाठोपाठ मान वळते. मावशींचे डोळे एकटेच कडेपर्यंत जायचे. तिथं यंत्राला बाहुली सापडत नाही, नोंद तुटते. त्याहून मागचं बघायचं झालं तर त्या पायानं खुर्चीच फिरवत होत्या; मान ताठच.

"मान दुखतीया का मावशी?"

"न्हाई गं पोरी. चाळीस वर्सं डोस्क्यावर बुट्टी वागवली. मान वळली की भाजी रस्त्यावर."

सहकारी म्हणाला, एक पंचमांशाहून जास्त नोंद गहाळ आहे, मावशींना प्रयोगातून काढून टाक. नियम तसाच आहे. पण तो यंत्राच्या सोयीचा आहे, हे माझं आता ठाम मत झालंय. नुसती मान मोजणारे तर लिहितील की या बाईंनी काही बघितलंच नाही.

हेडसेट काढल्यावर विचारलं, काय काय दिसलं? खांब, त्यावरची नक्षी सांगून त्या म्हणाल्या, "मदल्या दगडावर ऊन पडलंय न्हवं, म्हंजे वर छप्पर न्हाई तितं."

नोंदीत त्यांची नजर एकदाही वर गेलेली नाही.

त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं शेऱ्यात लिहिलंय. आकाशाच्या रकान्यात मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच भरता येतं. तो मी अजून कोरा ठेवलाय.