एकाच खोलीतले तिघे

हिमाचलातल्या लाहौलमध्ये, केलाँगला, जानेवारीत डोकं दुखतंय म्हणून येणाऱ्यांची वानवा नसते. ३,००० मीटरच्या वरची उंची, कोरडी हवा, दिवसदिवस बंद खोलीत बसणं. कारणं हवी तेवढी. पण त्या सकाळी आलेले तिघे एकाच घरातले होते. आजी, सून आणि शाळकरी नातू. तिघांचंही डोकं ठणकत होतं, पोराला उलट्या होत होत्या, आजीला धड उभं राहवत नव्हतं. वरच्या खोलीत निजलेला आजीचा मुलगा मात्र ठणठणीत. त्यानेच तिघांना जीपमध्ये घालून आणलं होतं.

"डॉक्टर, रात्रीच्या जेवणात काहीतरी असणार," तो म्हणाला. जेवण त्यानेही तेच घेतलं होतं.

ताप कुणालाच नव्हता. आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ९६. या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा सहसा इतका वर जात नाही. मला धस्स झालं. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. विषबाधेतले लालबुंद चेहरे पुस्तकातच राहतात. आजी पांढरीफटक पडली होती.

तिघांना मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, भरपूर ऑक्सिजनवर तास-दीड तास. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून असा पेशंट मनालीकडे हलवता येतो, पण रात्रभर बर्फ पडून रस्ता बंद होता. जे करायचं ते इथेच.

मग मी सुनेला तंदूरबद्दल विचारलं. इथल्या घरांतला तंदूर म्हणजे पत्र्याची चूल: वर भांडं, आत लाकडं, धुराचा पाईप छतातून बाहेर. लाहौलमध्ये लोक शेताकडेला विलो लावतात, तीन-चार वर्षांनी त्याच्या फांद्या छाटतात आणि त्यावर हिवाळा काढतात. यांचा वाळलेला साठा संपत आला होता, म्हणून नुकतीच तोडलेली ओली लाकडं जाळायला घेतली होती.

ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते जळतं कमी, धुमसतं जास्त. धूर गार पडून पाईपमध्ये थिजतो आणि आतून डांबरासारखा थर धरतो. सांगलीला आमच्या बंबात ओलं लाकूड पडलं तर नुसते डोळे चुरचुरायचे, कारण बंब परसात असायचा. इथे खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं. त्यात आग सकाळपर्यंत पुरावी म्हणून सुनेने हवेची झडप लावून घेतली होती. धूर सरला की निखारे उरतात, आणि हा वायू निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. त्याला ना रंग, ना वास.

दुपारी मुलगा घरी जाऊन छतावर चढला, पाईप उतरवला आणि फोटो पाठवला. दोन बोटं जातील एवढीच वाट उरली होती, आणि टोकावर बर्फ साचलेलं.

बाहेर उणे पंधरा असताना "खिडकी उघडी ठेवा" असा सल्ला द्यायचा आणि मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. ते कोण पाळणार? वर्षभर वाळवलेलं लाकूड, महिन्याला पाईपची सफाई, बर्फ पडल्यावर आधी पाईपचं तोंड मोकळं करणं, हे घराघरांत होऊ शकतं. फट ठेवायची तीही बोटभरच, पण रात्रभर. हिवाळ्यात डोकेदुखीच्या प्रत्येक पेशंटला मी लाकडाविषयी विचारते.

संध्याकाळपर्यंत पोरगा बिस्किटं मागायला लागला. आजीला मात्र मी काही आठवड्यांनी परत बोलावलं, कारण या विषबाधेत विसरभोळेपणा किंवा तोल जाणं उशिरानेही दिसू शकतं. ती आली, सरळ रेषेत चालून दाखवलं. हिशोब विचारला तर तिने लाकडांचाच सांगितला: वाळलेले भारे किती, शेजाऱ्याकडून उसने किती. ओले सगळे तिने पुढच्या हिवाळ्यासाठी वेगळे रचून ठेवले होते.