कित्तूर, बैलहोंगल, नंदगड: बंदिवासाच्या वाटेवरचे दोन दिवस

आमच्या घरी पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून तळहाताएवढी एक जाड, गोल चकती कित्येक वर्षे वापरात होती. तिच्यावर हातात माळ घेतलेली एक उभी बाई, तिच्या पायाशी सिंह आणि कडेने इंग्रजी अक्षरे होती. आजी तिला ‘बसऱ्याचं झाकण’ म्हणत असे आणि चिंच-राखेने घासून लख्ख ठेवत असे. ती पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली कांस्याची स्मृतिचकती आहे, हे मला चाळिशीत कळले. ती ज्या शिपायाची, तो माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. चकतीवर हुद्दा नसतो, पलटणीचे नाव नसते, केवळ माणसाचे नाव असते. आणि आमच्या घरातील ते नाव आजीच्या घासण्याने निम्मे पुसले गेले आहे. त्याच्याबद्दल आजीला एवढेच ठाऊक होते: “कूटात अडकला. घोडं खा म्हटल्यात, ह्येनं खाल्लं न्हाई.”

गेल्या डिसेंबरात मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, या चकतीच्या निमित्ताने दोन दिवस बेळगाव परिसरात हिंडलो. आक्काची सारी नोकरी बैलहोंगलला शाळेत झाली, त्यामुळे तिचे कन्नड अस्खलित आहे, आणि या प्रवासाला तेच सर्वांत अधिक उपयोगी पडले. लढाया कोठे झाल्या हे सांगणाऱ्या पाट्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्हांला पाहायचे होते ते लढाई संपल्यावर कैदेत राहिलेल्यांचे, वेढ्यात अडकलेल्यांचे आणि वाट पाहत बसलेल्यांचे ठिकाण.

पहिला थांबा बेळगावातच, कॅम्पमधील मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर. हा लष्करी परिसर असल्यामुळे आयत्या वेळी दारात जाऊन उभे राहण्यात अर्थ नाही; आधी लेखी अर्ज करावा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि सांगितल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नये. येथील युद्धस्मारकाला शर्कतचे नाव आहे. शर्कत म्हणजे ऑक्टोबर १९१८ मधील मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, विजय, आणि त्याचा अभिमान पलटणीने बाळगावा हे योग्यच आहे. मी मात्र तेथे उभा राहून त्याच नदीच्या, टायग्रिसच्या, काठी अडीच वर्षे आधी घडलेल्या गोष्टीचा विचार करत होतो.

७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की सैन्याने कूट-अल-अमारा, म्हणजे आजीच्या बोलण्यातले ‘कूट’, या गावाला वेढा घातला तेव्हा आत जनरल टाउनशेंडच्या हाताखाली जी सहावी (पुणे) डिव्हिजन होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापण्यात आली. बहुसंख्य भारतीय शिपायांनी ते मांस धर्माच्या कारणाने दीर्घकाळ नाकारले. भारतातून धर्मगुरूंची संमती तारेने मागवण्यात आली, आणि अनेकांनी ते खाल्ले तोवर अंगात बळ उरले नव्हते. शेवटच्या दिवसांत माणशी पीठ चार औंसांवर आले होते. चार औंस म्हणजे शे-सव्वाशे ग्रॅम. घरी परतल्यावर आक्काने ते काट्यावर मोजून दाखवले: एका भाकरीचे पीठ, तीही पातळ. विमानांतून पोती टाकून पाहिली. २४ एप्रिल १९१६ रोजी ‘जुल्नार’ नावाची आगबोट सुमारे २७० टन सामान घेऊन रात्री नदीतून घुसली, ती तुर्कांच्या हाती लागली, आणि पाच दिवसांनी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना बगदाद, मोसूल आणि तेथून रास अल-ऐनपर्यंत उन्हातून चालवत नेण्यात आले, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपण्यात आले. बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणीनुसार केवळ आकडे आहेत. म्हणून आमच्या तांब्यावरचे ते झाकण मला आता निराळे दिसते. दुसऱ्या महायुद्धातही, जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा, मराठ्यांची दुसरी पलटण जवळजवळ सगळीच कैद झाली होती.

कॅम्पातून वेंगुर्ले रस्त्याला लागल्यावर हिंडलगा कारागृह लागते. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला येण्याच्या सुमारास प्रतिबंधात्मक अटक झालेले वि. दा. सावरकर येथे सुमारे १०० दिवस स्थानबद्ध होते. हे चालू कारागृह आहे. थांबू नये, छायाचित्र घेऊ नये. बेळगावचा भुईकोट मात्र अवश्य पाहावा. १८१८ साली तो इंग्रजांना मिळाला तो २१ दिवसांच्या वेढ्यानंतर, आणि आत कमल बस्ती या जैन मंदिराजवळ सकाळी कमालीची शांतता असते.

दुपारी आम्ही कित्तूरला पोहोचलो. पुणे–बेंगळुरू महामार्गावर बेळगावहून धारवाडच्या दिशेला हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. बेळगाव–हुबळी आणि धारवाडच्या बस सतत असतात, परंतु चढण्यापूर्वी ती कित्तूरला आत थांबते की उड्डाणपुलावरून परस्पर जाते, हे वाहकाला विचारून घ्यावे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती याच्या नेमके विरुद्ध दिशेला, बेळगावच्या उत्तरेस आहे, तेव्हा दोन्ही एकाच फेरीत घालण्याचा आग्रह धरू नये.

बेळगावकर माणूस चन्नम्मा चौकातून आयुष्यभर जातो, आणि घोड्यावर बसलेली, तलवार उपसलेली राणी एवढेच त्याच्या डोळ्यांत राहते. कित्तूरच्या पडक्या वाड्यात फिरताना मात्र ज्या माणसांच्या वाट्याला कैद आली त्यांची एक रांगच समोर येते. पहिले चन्नम्मांचे पती मल्लसर्ज देसाई. तरुणपणी टिपू सुलतानाच्या कैदेतून ते निसटले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात सुमारे तीन वर्षे अडकवून ठेवले, आणि १८१६ साली सुटून घरी परतताना वाटेतच त्यांचा अंत झाला. शनिवारवाड्याच्या गोष्टी आपण हौसेने सांगतो, त्यांत ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. मराठी माणसाने कित्तूर पाहायला यावे ते हे मनाशी ठेवून यावे, असे मला वाटते.

१८२४ च्या सप्टेंबरात मल्लसर्जांचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज वारला. त्याने केलेले दत्तकविधान धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मानले नाही, खजिन्यावर मोहोर लावली, आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्याच्या दारात झालेल्या चकमकीत तो मारला गेला. त्या दिवशी इंग्रजांचे दोन अधिकारी, स्टिव्हन्सन आणि वॉल्टर एलियट, कित्तूरकरांच्या हाती लागले. एलियट तेव्हा एकवीस वर्षांचा होता. दोघांनाही काही आठवड्यांनी सुखरूप सोडण्यात आले. याच एलियटने पुढे दक्षिणेतील कन्नड शिलालेखांच्या नकला जमवण्यात आयुष्यातील बरीच वर्षे घालवली आणि तो मोठा अभ्यासक म्हणून ओळखला गेला. ज्यांनी त्याला सोडले त्यांना मात्र डिसेंबरात किल्ला पडल्यावर कोणी सोडले नाही.

वाड्यात ध्रुवतारा पाहण्यासाठी भिंतीत बसवलेली नळीसारखी खिडकी आहे. मार्गदर्शक ती आवर्जून दाखवतात. किल्ल्यातील वस्तुसंग्रहालय आधी पाहावे आणि वाडा नंतर, म्हणजे उघड्या जोत्यांवर कोठे काय असेल याचा अंदाज बांधता येतो. २३ ऑक्टोबरपासून कित्तूर उत्सव असतो. तेव्हा कार्यक्रम उत्तम होतात, पण ज्याला वाडा पाहायचा आहे त्याने ते तीन दिवस टाळावेत. सावली फारशी नाही, पाणी जवळ ठेवावे.

कित्तूरहून बैलहोंगल तासाभराच्या आत येते, निदान यायला हवे. आम्हांला दीड तास लागला, कारण डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम, आणि अरुंद रस्त्यावर जोडट्रॉल्यांची रांग पुढे असली की ओलांडून जाण्याची घाई अंगाशी येते. त्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतातच असे नाही. या भागात अंधार पडल्यावर स्वतःची गाडी चालवू नये, हा माझा सर्वांत कळकळीचा सल्ला.

बैलहोंगलच्या किल्ल्यात चन्नम्मांना सुनांसह ठेवण्यात आले, आणि तेथेच फेब्रुवारी १८२९ मध्ये त्यांचे निधन झाले. कित्तूरची लढाई काही दिवसांची; ही कैद चार वर्षांहून अधिक. समाधीभोवती बाग आहे, संध्याकाळी वृद्ध मंडळी येऊन बसतात, मुले खेळतात. आम्ही तासभर बसलो. चार पावसाळे त्या बाईने बंद दाराआड कसे काढले असतील, दिवस कशाने मोजले असतील, हे सांगणारे तेथे काही नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांना आक्काने कन्नडमधून तेच विचारले. ते म्हणाले, संगोळ्ळीचा रायण्णा, म्हणजे कित्तूरसाठी पुढे बंड करणारा, वेष पालटून तिला भेटायला येत असे, म्हणून ती जगली. पुढे त्यांनी त्या प्रसंगाचे गी गी पद, म्हणजे कन्नड लोकगीत, गुणगुणून दाखवले, आणि शब्द अडले तेव्हा हसून हात जोडले. इतिहास म्हणून हे कितपत टिकेल, ते बाजूला राहू द्या. कैदेतल्या माणसाला बाहेरची खबर लागते, यावर लोकांनी गाणे रचले हे मला पटले.

बैलहोंगलला राहण्याची साधी सोय होते. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याची एण्णेगायी मिळते, ती सोडू नये. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. ‘कोटे’ म्हणजे किल्ला, ‘समाधी’ दोन्ही भाषांत एकच, आणि वाक्याच्या शेवटी ‘री’ लावले की समोरचा माणूस आपुलकीने घरापर्यंत पोहोचवतो. तालुक्यातच बेळवडी आहे. १६७८ साली शिवाजी महाराजांच्या सैन्याविरुद्ध येथील गढी मल्लम्मा देसाईणीने २७ दिवस झुंजवली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. गावात पाहण्यासारखे थोडेच आहे, पण वाट वाकडी करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगोळ्ळी. रायण्णा हा तेथील शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन असलेला गावचा राखणदार. कित्तूर पडल्यावर ती जमीन गेली, सारा वाढला, आणि त्याने राणीच्या दत्तक मुलाला गादीवर बसवण्यासाठी सावकारांची दप्तरे आणि सरकारी कचेऱ्या जाळत रान पेटवले. गावातील लहानशा मंदिरात त्याच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना व्यायामाची लाकडी वजने आहेत, त्यांतले एक त्याच्या हातचे मानतात. लाकडाची मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे. अलीकडे झालेले शिल्पउद्यान भव्य आहे, मुलांना आवडेल. मला ती मूठ पुरली.

तेथून कित्तूर–बिडी मार्गे नंदगड. बिडी ओलांडली की ऊस मागे पडतो, भाताची खाचरे आणि साग सुरू होतो, आणि चहाच्या टपरीवर मराठी कानांवर येते. एप्रिल १८३० मध्ये फितुरीने पकडलेल्या रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी देण्यात आली. मध्ये नऊ महिने तो कैदेत होता. गावाबाहेर त्याच्या समाधीवरचा वड एका सोबत्याने लावला असे सांगतात, आणि त्याच्या पारंब्यांना नवसाचे लहान लाकडी पाळणे बांधलेले असतात. आम्ही गेलो तेव्हा एक तरुण जोडपे पाळणा बांधत होते. दोरी आखूड पडली, तेव्हा आक्काने पिशवीची नाडी सोडून दिली. त्या मुलीने मराठीत विचारले, “आक्का, तुमीबी नवसाला आलायसा काय?”

“नाही गं,” आक्का म्हणाली, “आमचा एक माणूस बसऱ्याला राहिला. त्याच्यासाठी आलो.”

मुलीला बसरा कोठे ते कळले नाही. तिने नुसती मान हलवली आणि गाठ घट्ट केली.

नंदगडहून खानापूरला अर्ध्या तासात पोहोचता येते, आणि खानापूरहून बेळगावला बस व रेल्वे दोन्ही आहेत. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी हा प्रवास उलट करावा: पहिल्या दिवशी खानापूर–नंदगड, दुसऱ्या दिवशी कित्तूर–बैलहोंगल, कारण संध्याकाळी नंदगडहून परतीच्या बस विरळ होत जातात आणि बैलहोंगलहून तसे होत नाही. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात पाऊस कोसळतो, तेव्हा नंदगड टाळून उरलेले थांबे करावेत. आणि घरात अशी एखादी गोल चकती झाकण म्हणून वापरात असेल, तर ती घासू नये. कडेच्या अक्षरांच्या आत, सिंहाच्या वरच्या अंगाला एक लांबट चौकट असते, नाव त्या चौकटीत असते.