विणणारा गोलकीपर

परवा दुपारी जेवून लोळत मोबाईल बघत होते, तर एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो समोर आला. दणकट बाप्या, हातात सुया, मांडीवर लोकर, आणि तोंडावर अगदी आमच्या आत्याचा भाव, मध्ये बोलू नका, टाके मोजतेय. आत्या लोकरीचा गुंडा करायची तेव्हा लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवायची, मग नाक खाजलं तरी हलायचं नाही. भावाला मात्र कधी बसवलं नाही. मुलगा ना तो!

तर हा बाप्या म्हणजे जाक प्लांत. कॅनडातल्या क्वेबेकचा, बर्फावरच्या हॉकीतला गोलकीपर, ११ भावंडांतला थोरला, घरात पैशाची चणचण, म्हणून आईने विणायला शिकवलं, टोप्या हा स्वतःच्या स्वतः विणायचा. त्यात दमा, स्केटिंग झेपेना, म्हणून गोलात उभा राहिला. (आमच्या गल्लीतही धाप लागणाऱ्याला विकेटकीपर करायचे, तो काही पुढे जगप्रसिद्ध झाला नाही.) प्लांत झाला. त्याच्या टीमने, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने, १९५६ ते १९६० सलग पाच वेळा स्टॅनली कप, म्हणजे तिकडच्या हॉकीतली सगळ्यात मोठी ट्रॉफी, जिंकला, तो हाच गोलात असताना.

लोकांना तो आठवतो मास्कमुळे. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क, समोरच्या रेंजर्स टीमच्या अँडी बाथगेटने मारलेला पक थेट तोंडावर. पक म्हणजे यातला चेंडू, गोठवलेल्या कडक रबराची चकती हो! तेव्हा गोलकीपर उघड्या तोंडाने खेळायचे आणि टीमकडे दुसरा गोलकीपरही नसायचा, म्हणून टाके घालेपर्यंत सगळे थांबले. प्रॅक्टिसला तो मास्क घालायचाच, पण कोच टो ब्लेक मॅचमध्ये घालू देत नव्हता. आता हा अडून बसला, मास्क नाही तर मी नाही. कोच करतो काय? मॅच ३-१ ने जिंकले. पुढच्या मार्चमध्ये कोचच्या आग्रहाखातर एक मॅच विनामास्क खेळला आणि ३-० ने हरले, विषय संपला.

मला मात्र त्याआधीचं भांडण जास्त लागतं. खालच्या लीगमध्ये तो स्वतः विणलेली लोकरीची टोपी घालून खेळायचा, कॅनेडियन्समध्ये आल्यावर आधीचा कोच डिक अर्विनने ती काढायला लावली. तिथे काही पठ्ठ्या अडून बसला नाही. टोपी पडली बिचारी घरगुती, तिच्यासाठी कोण भांडणार. मी भांडले असते बहुतेक. पण मला कुठे स्केटिंग येतंय.