सर, कोरकूत विचारा

मेळघाटातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक दोन, वर्ग चार. अशा बऱ्याच शाळांत पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असते. मी पहिली आणि चौथी मागून घेतली. पहिलीत येणारं मूल फक्त कोरकू बोलतं. ही भाषा मुंडा कुळातली, संथाळीच्या गोतातली. मराठी मुलाला हिंदी अंदाजाने कळते तसं इथे होत नाही. मला कोरकू कामापुरतीच येते, चौथीच्या पोरांना दोन्ही भाषा येतात.

चौथीतल्या एका मुलीच्या आधीच्या सगळ्या वर्णनात्मक नोंदींत एकच शब्द: अबोल. अशा नोंदींची तयार पुस्तकं मिळतात, त्यातून वाक्यं उतरवली जातात. मला याचा मनापासून राग येतो. परिपाठात ही मुलगी प्रतिज्ञेलाही नुसते ओठ हलवायची.

पहिलीतलं एक पोरगं दप्तर सोडेना, रडणं थांबवेना. ती आपणहून उठून त्याच्याजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. मी तिला तिथून हलवलं नाही. पुढे चित्रकार्डं तिच्या हातात दिली. आधी कोरकू नाव, मग मराठी, मग फळ्यावर पहिलं अक्षर. हा क्रम तिचाच. दिवाळीपर्यंत तिचा आवाज व्हरांड्यात ऐकू यायचा. होळीला इथे शाळा ओस पडते, सगळा गाव सणात असतो. होळीनंतर पहिलीची पोरं परत आली ती तिच्या हाकेवर.

मार्चमध्ये केंद्रप्रमुख आले. त्यांनी पहिलीतल्या त्याच मुलाला मराठीत प्रश्न विचारला, तो गप्प. पुन्हा तोच प्रश्न, जरा मोठ्याने. तेव्हा ती उभी राहिली. "सर, कोरकूत विचारा. त्याला येतं." वर्गात कुणी हललं नाही. साहेबांनी तिलाच विचारायला सांगितलं, आणि त्याने उत्तर दिलं. शेरेबुकात शेरा पडला: 'विद्यार्थी धीट आहेत.'

ती धीट झाली, की आधीपासूनच होती आणि तिला कुणी काम दिलं नव्हतं? मला अजून ठरवता येत नाही. प्रगतिपुस्तकात 'आत्मविश्वासाने बोलते' लिहिलं, पण हे वाक्य सगळ्यांच्याच पुस्तकात असतं.

आमची शाळा चौथीपर्यंतच. आता ती आश्रमशाळेत जाईल, तिथे नवे शिक्षक आणि मोठा वर्ग. तिथल्या मुख्याध्यापकांसाठी मी दाखल्यासोबत एक चिठ्ठी जोडली आहे: हिला रोज थोडा वेळ पहिलीच्या वर्गात बसू द्या.