वेचणी सुरू झाली की

रविवार, रात्र

कापूस फुटला की आमच्या शाळेचा हजेरीपट गावाचे हिशेब मांडायला लागतो. वरच्या वर्गातल्या मुली एकेक करून गळतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "लहान्याले पाहाले कोणी नाही." अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या लेकरांची, तीही दुपारी बंद. वेचणीचे पैसे किलोवर, त्यामुळे बाई दिवस कलेपर्यंत वावर सोडत नाही. दीड वर्षाचं पोर ठेवायचं कोणाजवळ?

आमच्या घरी दोन पगार. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिवसभराला बाई ठेवली. परवा ती म्हणाली, "मॅडम, वेचणीत जास्त भेटते, मी जातो आता." मी पैसे वाढवले, ती राहिली. सासूबाईंची वेणीफणी, बेडपॅन, भरवणं, सगळं मायेनं करते. तिचा लहाना मात्र तिच्या मोठीजवळ, आणि ती मोठी माझ्याच वर्गात. शुक्रवारी तिची गैरहजेरी मीच मांडली. आमच्या पगारानं आमच्या घरचं काम हललं खरं, पण संपलं नाही. दहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर जाऊन बसलं.

खरी कोंडी मला शेजारच्या घरात दिसते. पाच एकर कोरडवाहू, सासरे लकव्यानं खाटेवर. बाई ठेवायची ऐपत नाही, आणि सून दुसऱ्याच्या वावरात रोजीनं गेली तर घराण्याची पत जाते म्हणे. म्हणून घरचं वावर, घरचा म्हातारा आणि चूल, तिन्ही तिच्याच अंगावर. दीर पुण्याला. डायपरची पाकिटं कुरिअरनं येतात, माणूस दिवाळीला येतो. लाडक्या बहिणीचे दीड हजार सासऱ्यांच्या गोळ्यांत जातात.

उलट, खालच्या वस्तीतल्या एका मजूर घरात वेगळंच पाहिलं. तिथली बाई वेचणीत तरबेज, नवऱ्याच्या दुप्पट कापूस आणते. म्हणून सध्या नवरा घरी. म्हाताऱ्या मायला न्हाणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतो, पाणी घालतो, लुगडं गुंडाळून देतो. तेही दार लोटून, कारण पारावरचे हसतात. हे कोणाच्या भाषणानं झालेलं नाही, वजनकाट्यानं झालंय. कापूस सरला की तोही पारावर दिसेल, असा माझा अंदाज.

2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. आकडा ऐकून आमचे हे म्हणाले, "97 म्हणजे बरेच की!" मी पुढं काही विचारलं नाही.

2005 च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगली तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली, तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एका मजूर बाईला नेमायचं, आणि तिला मजुरीही द्यायची. लेकरं सांभाळण्याला मजुरी पडते, हे निदान कागदावर तरी आलं होतं. खासगी वावरात तसं कोण नेमणार?

उद्या सरपंचबाईंना गाठायचंय. वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालवता येईल का, लहान्यांनाही घेता येईल का, आणि जादा तासांचे पैसे ग्रामपंचायत देईल का? अंगणवाडीताईंकडून फुकटात करून घ्यायचा विषय निघाला, तर मी विरोधात बोलणार आहे.